दारावरची भेग: बुजवण्याआधी ती वाचायची कशी

आमच्या सातारच्या घरात माजघराच्या दारावर एक भेग होती. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यातून निघायची आणि विटांच्या पायऱ्या चढत वर जायची. वडिलांनी ती दोनदा सिमेंटनं बुजवली, मी एकदा. तिन्ही वेळा पुढच्या वर्षी ती दोन बोटं बाजूला पुन्हा उमटली. चौथ्या वेळी गिलावाच काढायला लावला, तेव्हा कळलं की दारावरच्या विटा पेलणाऱ्या सागवानी पाटाचं एक टोक भिंतीत कुजून भुशासारखं झालंय. बरोबर त्याच्या वर कौलांची पन्हळ फुटलेली होती आणि दर पावसाळ्यात तिथून पाणी भिंतीत मुरत होतं. तोवर आमच्यापैकी कुणी वर चढून पन्हळ पाहिलीच नव्हती.

ज्यांनी नुकतंच जुनं घर घेतलंय, किंवा ज्यांच्या वाट्याला गावाकडचं घर आलंय, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहितोय. हे भिंतींवर उभ्या असलेल्या घरांबद्दल आहे. खांब-तुळयांचा सांगाडा नाही, जाड विटांच्या भिंतींवरच माळा आणि छप्पर टेकलेलं आहे, अशी घरं. जुनी असतील तर माल, म्हणजे विटा सांधणारं मिश्रण, मातीचा किंवा चुन्याचा, नंतरची असतील तर सिमेंटचा.

आधी भिंत कशी उभी आहे ते समजून घ्या

दारावरच्या विटांना खालून आधार नसतो, म्हणून त्यांच्याखाली काहीतरी आडवं घालावं लागतं. जुन्या घरांत विटांची कमान, दगडी पट्टी किंवा जाड लाकडी पाट सापडतो. १९५०-६० नंतरच्या घरांत बहुतेक वेळा काँक्रीटचं लिंटेल असतं. भिंत दीड-दोन फूट जाड असेल तर एकाच दारावर दोन-तीन पाट शेजारी शेजारी घातलेले असतात. आतून दिसणारा पाट ठणठणीत आणि बाहेरचा कुजलेला, असंही होतं.

या पाटावर वरची सगळी भिंत बसलेली नसते. विटा एकमेकींवर अर्ध्या अर्ध्या सरकवून रचलेल्या असल्यामुळे वरचा भार दोन्ही बाजूंना वळतो. पाटाच्या अंगावर राहतो तो तंबूच्या आकाराचा एक त्रिकोण. साडेतीन फुटी दारावर तो साधारण तीन फूट उंच धरतात. नऊ इंची भिंतीत त्याचं वजन २०० किलोच्या आसपास भरतं. पण माळ्याची तुळई नेमकी या त्रिकोणात टेकली असेल तर हिशेब पार बदलतो, कारण मग माळ्याचाही भार त्याच पाटावर येतो. म्हणून दाराच्या वर काय टेकलंय, हे आत-बाहेर फिरून पाहून घ्या.

चौकट वेगळी आणि पाट वेगळा. साध्या चौकटीचं काम दार धरून ठेवायचं, भिंत उचलायचं नाही. पाट खचून चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडावर, म्हणजे गणेशपट्टीवर टेकला की दार घासायला लागतं, कडी कोयंड्यात बसत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून दार घासतंच, ते वेगळं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेतही घासत असेल तर वर मान करून पाहा.

आज रात्री त्या दाराखालून जावं का?

सर्वात आधी या प्रश्नाचं उत्तर हवं. भेग ५ मिलिमीटरहून रुंद असेल, एखादी वीट हाताला हलत असेल, पाट किंवा लिंटेल डोळ्यांना वाकलेलं दिसत असेल, भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या रेषेत, नसेल, किंवा उंबऱ्यावर रोज सकाळी मालाचा ताजा चुरा पडत असेल, तर वाट पाहू नका. दाराचा वापर बंद करा, टेकू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. काल उघडणारं दार आज अचानक अडकलं, तर तेही याच यादीत.

टेकू द्यायला सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना खालून आधार द्यायचं सामान भाड्यानं देणाऱ्यांकडून लोखंडी जॅक मिळतात. साध्या दाराला दोन पुरतात. खाली जाड फळी टाका, म्हणजे भार एका फरशीवर येणार नाही. शहाबादी फरशी पोकळ वाजत असेल तर जागा बदला. वर पाटाला लागून आडवी फळी द्या आणि जॅक हातानं घट्ट होईपर्यंतच फिरवा. खचलेला भाग जोर लावून वर उचलायचा मोह होतो, तो आवरा. भिंत खचली ती वर्षानुवर्षांत. पाच मिनिटांत उचलायला गेलात तर वरचे थर निखळतात. टेकू द्यायचा तो आहे तिथे धरून ठेवण्यासाठी.

यातलं काहीच नसेल तर घाई नाही. सावकाश पुढे चला.

भेगेचा आकार पाहा

भेग कुठून निघते, कुठे जाते आणि कुठल्या टोकाला रुंद आहे, या तीन गोष्टी कागदावर काढा. चित्र वाकडंतिकडं आलं तरी चालेल.

चौकटीच्या कडेनं, लाकूड आणि गिलावा यांच्या सांध्यात केसासारखी रेघ असेल, तर ती लाकडाच्या फुगण्या-आकसण्याची आणि दार आपटण्याची. तिची काळजी नको.

दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून निघून पायऱ्यापायऱ्यांनी मध्याकडे चढणाऱ्या भेगा म्हणजे वर सांगितलेला तंबू. त्रिकोणातल्या विटा खाली सरकतायत, म्हणजे पाट वाकलाय, कुजलाय किंवा त्याचं टोक भिंतीत पुरेसं टेकलेलं नाही. एकच बाजू उमटली असेल तर त्या बाजूचं टोक तपासा. आमच्याकडे तेच झालं होतं.

लिंटेलच्या लांबीनं आडवी भेग, खालून पोपडे आणि तांबूस डाग दिसले तर आतली सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. वरून कितीही लेप दिला तरी गंज थांबत नाही.

कमानीच्या बरोबर मध्यात, खालच्या अंगाला उभी चीर असेल, तर कमानीचे दोन पाय बाहेर सरकतायत. हे बहुतेकदा घराच्या कडेच्या दारावर दिसतं, कारण तिथे एका बाजूला रेटा घ्यायला भिंत कमी असते.

एकाच कोपऱ्यातून निघून तिरकी दूर, पार छपरापर्यंत गेलेली भेग मला सर्वात जास्त खटकते. तिचं मूळ दारात नसतं. भिंतीत भोक आहे म्हणून ती तिथून फुटते इतकंच, खरं दुखणं घराच्या पायामध्ये असतं. ती वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर बहुधा भिंतीचं टोक खचतंय. खाली रुंद असेल तर बहुधा मधला भाग बसतोय. अशी भेग पाहिल्यावर दारावर गवंडी लावण्याआधी त्या कोपऱ्याबाहेरची मोरी, नळ आणि झाडं पाहा.

आता भेगेचं वय. साताऱ्या-कराडकडच्या जुन्या घरांत विचारलं तर म्हातारी माणसं हमखास सांगतात, ही कोयनेच्या धरणीकंपातली. ११ डिसेंबर १९६७चा तो भूकंप. खरंही असू शकतं. विजेरी तिरकी धरून भेगेच्या आत पाहा. जुन्या भेगेच्या कडा बोथट असतात, आत धूळ, कोळिष्टकं आणि रंगाचे दोन-चार थर उतरलेले दिसतात. ताज्या भेगेच्या कडा धारदार, आतला रंग स्वच्छ. जुनीच भेग एका बाजूनं पुन्हा उघडली असेल तर दोन्ही खुणा एकत्र दिसतात.

खूण करा, तारीख लिहा

भेग थांबलेली आहे की चालू आहे, हे कळल्याशिवाय बुजवण्यात अर्थ नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रुंदी मोजायला गॅरेजवाले वापरतात तो फिलर गेज घ्या, स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्याची पाती एकेक करून भेगेत सरकवून पाहायची, जी बसेल ती रुंदी. मोजायच्या तीन जागा ठरवा आणि दर वेळी तिथेच मोजा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा, नाहीतर वर्षभरानं दोन फोटोंची तुलनाच होत नाही.

काचेची पट्टीही लावता येते. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती पातळ काच. रंग आणि सैल गिलावा खरवडून विटेपर्यंत जा आणि दोन्ही टोकं एम-सीलनं चिकटवा. रंगावर चिकटवली तर भिंत हलली तरी रंगाचा पापुद्रा सुटतो आणि काच शाबूत राहते. मग आपण फसतो. काच फुटली तर भिंत हलली, हे नक्की. किती हलली ते फिलर गेज सांगेल.

किती दिवस पाहायचं? निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. काळ्या मातीवरच्या घरांना तर हे चुकतच नाही. सोलापूर, मराठवाडा, विदर्भ, नगरकडची ही माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते, आणि तिच्यावरचं घरही तिच्याबरोबर श्वास घेतं. मे महिन्यात २ मिलिमीटर आणि ऑगस्टमध्ये अर्धा मिलिमीटर असं मोजमाप आलं, तर कारण मातीत आहे. दर वर्षी थोडी थोडी वाढतच गेली, ऋतू कुठलाही असो, तर काहीतरी खचतंय किंवा कुजतंय. वर्षभर तसूभर हलली नाही, तर ती मेलेली भेग आहे, बिनधास्त बुजवा.

पाणी शोधा

मला एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन. लाकूड कुजतं पाण्यानं, सळई गंजते पाण्यानं, मातीचा माल धुपतो पाण्यानं आणि पाया भिजतो तोही पाण्यानंच. जोराचा पाऊस चालू असताना छत्री आणि विजेरी घेऊन घराभोवती फिरा. कौलं कुठे सरकली आहेत, पन्हळ कुठून ओघळते, गच्चीचं पाणी कुठल्या भिंतीवर उतरतं, मोरीचं पाणी जोत्याला लागून साचतं का. कोरड्या दिवशी दहा वेळा पाहून जे सापडत नाही ते पावसात पंधरा मिनिटांत दिसतं. आमची फुटकी पन्हळ अशीच सापडली, तीन वर्षं उशिरा.

लाकडी पाट असेल तर बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टोचून पाहा, विशेषतः दोन्ही टोकांना, भिंतीत शिरतो तिथे. चांगला साग टोकाला दाद देत नाही. स्क्रू-ड्रायव्हर खिमट भातात गेल्यासारखा आत गेला तर पाट संपला. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. तिचा बंदोबस्त आधी, गवंडीकाम नंतर.

काळ्या मातीच्या घराला जोत्याभोवती तीन-चार फूट रुंद फरसबंदी करून घ्या, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून. पायाजवळची माती एकदम भिजणं आणि एकदम वाळणं त्यानं कमी होतं. हे काम केल्यावर भेगेचं वर्षभराचं मोजमाप बदलतं, आणि वहीत लिहिलेलं असेल तर ते दिसतंही.

गिलावा खोला

आधी मेन स्विच बंद करा. दाराच्या बाजूला बोर्ड असतो आणि त्याच्या वायरी बहुतेक वेळा गिलाव्यातून चौकटीच्या डोक्यावरूनच नेलेल्या असतात. छिन्नीच्या दांड्यानं भिंत वाजवून पाहा. घट्ट गिलावा ठण वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. जेवढा बद्द तेवढा काढावाच लागणार. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर काढा आणि पाटाची दोन्ही टोकं दिसतील एवढं उघडं करा. डोळ्यांना चष्मा हवा. चुन्याची कणी डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, भरपूर पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

आता विटा पाहा. भेग फक्त दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून गेली असेल आणि विटा अखंड असतील, तर दुरुस्ती सोपी. माल विटेपेक्षा मऊ होता म्हणून त्यानं मार खाल्ला, वीट वाचली. भेग विटा कापत सरळ गेली असेल तर एकतर माल फार कडक आहे किंवा जोर मोठा आहे. पाट भिंतीत किती शिरलाय तेही मोजा. दोन्ही बाजूंना निदान सहा इंच टेकलेला हवा.

मेलेली भेग भरणं

हे काम नवखा माणूसही नीट करू शकतो. दर्जा इंचभर खोल खरवडून काढा, ब्रशनं धूळ झाडा आणि आदल्या रात्री पाणी मारून ठेवा. सुकी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल वाळूसारखा सुटतो. सैल झालेल्या विटांपैकी एका वेळी एकच काढायची, नवी वीट भिजवून बसवायची, मगच पुढची.

चुन्यात बांधलेली भिंत चुन्यानंच भरा. एक भाग चुना, तीन भाग वाळू. थोडी वाळू कमी करून तिथे विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी घातली तर माल लवकर धरतो. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळत नसेल तर एक भाग सिमेंट, दोन भाग चुना आणि नऊ भाग वाळू हे मिश्रण चालतं. सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीला १:१:६. निव्वळ सिमेंट-वाळूचा कडक माल मात्र जुन्या मऊ विटेत घालू नका. भिंत हलली की तो माल फुटत नाही, शेजारची वीट फुटते, आणि ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. आमची भेग दर वेळी दोन बोटं सरकायची ती यामुळेच.

माल दोन-तीन थरांत दाबून भरा. वर ओलं गोणपाट लावा. सिमेंटच्या मिश्रणाला आठवडा, चुन्याला आणखी जास्त. दिवाळीनंतरचे तीन महिने या कामाला उत्तम, ऊनही कडक नसतं आणि पाऊसही नसतो.

भेगेनं विटा कापल्या असतील पण हालचाल थांबलेली असेल, तर इंजिनिअर आडवे टाके सुचवतात. साधारण दर चार-पाच थरांना दर्जेत खाच करून ६ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-पावणेदोन फूट जाईल अशी बसवायची आणि खाच ग्राउटनं, म्हणजे फटी भरायच्या घट्ट धरणाऱ्या मिश्रणानं भरायची. साधी लोखंडी सळई घालू नका, पुढे तीच गंजून नवी भेग काढेल. मातीच्या मालातल्या भिंतीत हे टाके धरत नाहीत.

पाट बदलणं

हे स्वतः करू नका. इंजिनिअरनं पाहिलेलं आणि जुन्या भिंतीचा हात असलेल्या गवंड्यानं केलेलं असावं. पण काम कसं चालतं हे माहीत असलं तर लक्ष ठेवता येतं.

पाटाच्या वर, भिंतीतून आरपार एक-दोन आडव्या तुळया घालतात आणि त्यांना आत-बाहेर दोन्हीकडून टेकू देतात, म्हणजे वरची भिंत त्यांच्यावर लोंबते आणि पाट मोकळा होतो. माळ्याची तुळई वर असेल तर तिला वेगळा टेकू. शेजारी शेजारी दोन-तीन पाट असतील तर एका वेळी एकच बदलायचा: बाहेरचा बसवून, माल पक्का होऊ देऊन, मग आतला. दोन्ही एकदम काढतो म्हणणाऱ्या गवंड्याला थांबवा.

नवं लिंटेल जमिनीवर ओतून, दोन-तीन आठवडे पाणी मारून, मग चढवणं मला बरं वाटतं. एक काळजी घ्या: मुख्य सळया खालच्या अंगाला असतात, म्हणून ओततानाच वरच्या बाजूला ओल्या काँक्रीटमध्ये खिळ्यानं ‘वर’ असं कोरून ठेवा. वाळल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, आणि उलटं बसलेलं लिंटेल खालून चिरतं. लाकूडच घालायचं असेल तर जुन्या वाड्यातून निघालेला कसदार साग घ्या आणि भिंतीत जाणारी टोकं वाळवीच्या औषधात भिजवून घ्या.

लिंटेल आणि वरच्या विटा यांच्यात जी फट राहते, ती भरण्यात काम जिंकतं किंवा हरतं. तिथे पातळ माल ओतला तर तो आकसतो आणि भिंत पुन्हा तेवढीच खाली बसते. मुठीत दाबला तर गोळा होईल पण हाताला पाणी लागणार नाही, इतका कोरडा माल लाकडाच्या पट्टीनं ठोकून ठोकून भरायचा, मध्ये कौलाच्या किंवा फरशीच्या चिपा द्यायच्या. टेकू कधी काढायचे ते इंजिनिअरला विचारा. आमच्याकडे दहा दिवस ठेवले होते. काढताना पाव पाव फेरा सैल करत, दोन दिवसांत काढले.

नगरपालिकेची नोटीस आलेलं घर असेल, भाडेकरू असतील किंवा घर वारसा यादीत असेल, तर भिंतीला हात लावण्याआधी परवानगीचं पाहा. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. दारावरची भेग त्या तपासणीत आवर्जून दाखवा.

शेवटी गिलावा. लाकूड आणि वीट जिथे भेटतात तिथे चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी लावून मग गिलावा करा आणि चौकटीच्या कडेला करवतीच्या पात्याएवढी खाच सोडा, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते आणि केसभर रेघ वेडीवाकडी न फुटता खाचेतच राहते. तोरणाचा खिळा आता भिंतीत ठोकू नका. आमच्या त्या दारावर पन्नास दसऱ्यांचे खिळे निघाले, एकाच ओळीत, बरोबर पाटाच्या वरच्या दर्जेत. खिळा चौकटीच्या लाकडात मारा, किंवा दोन कायमचे आकडे लावा. आणि नव्या गिलाव्यावर, जुनी भेग जिथे होती तिथे, पेन्सिलीनं तारीख घालून ठेवा. पुढच्या वैशाखात एकदा आणि श्रावणात एकदा तिथे विजेरी मारून पाहायचं आहे.